डाइक्स्ट्रा, एट्सखर वीबे

(११ मे १९३०–६ ऑगस्ट २००२). डच संगणकशास्त्रज्ञ. संगणकासाठी आज्ञावली रचणे हे केवळ हातोटीचे वा अनुभवाचे काम नसून गणिताच्या शिस्तीने करावयाचे बौद्धिक कार्य आहे, ही भूमिका मांडून तिला संशोधनाचा भक्कम आधार देणाऱ्यांत त्यांचे स्थान अग्रगण्य आहे. लघुतम मार्ग शोधण्याची रीत, एकाच वेळी चालणाऱ्या प्रक्रियांत मेळ राखणारे सिमाफोर हे साधन, संरचित आज्ञावलीलेखन आणि आज्ञावलीची रचना व तिची सिद्धता यांची सांगड घालणारी पद्धती यांसाठी ते विशेष प्रसिद्ध आहेत.

त्यांचा जन्म रॉटरडॅम येथे झाला. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक होते; आई गणितज्ञ होती. एखादी गोष्ट सिद्ध करण्यास पाचांहून अधिक ओळी लागू लागल्या, तर आपली वाट चुकली आहे असे समजावे, हा आईने दिलेला सल्ला ते पुढे आवर्जून सांगत. त्यांच्या लेखनातील काटेकोरपणाचे व अल्पाक्षरत्वाचे मूळ या संस्कारात दिसते. शालेय शिक्षण रॉटरडॅम येथील जिम्नॅशियम इरॅस्मियानम या विद्यालयात झाले. प्रारंभी कायद्याचा अभ्यास करून संयुक्त राष्ट्रांत आपल्या देशाचे प्रतिनिधित्व करावे, अशी त्यांची इच्छा होती. परंतु शास्त्रविषयांतील प्रावीण्यामुळे ते १९४८ मध्ये लायडन विद्यापीठात दाखल झाले व तेथे त्यांनी सैद्धांतिक भौतिकीचा अभ्यास केला.

१९५१ च्या उन्हाळ्यात केंब्रिज येथे मॉरिस विल्क्स यांनी एडसॅक या संगणकाच्या आज्ञावलीलेखनाविषयी चालविलेल्या तीन आठवड्यांच्या वर्गाला ते उपस्थित राहिले. पुढच्याच वर्षी ॲम्स्टरडॅम येथील माथेमाटिश सेंट्रम या गणितीय संशोधन संस्थेत त्यांना अर्धवेळ नोकरी मिळाली. नेदर्लंड्समध्ये ‘प्रोग्रॅमर’ या पदावर नेमले गेलेले ते पहिले गृहस्थ मानले जातात. मात्र या व्यवसायाला त्या काळी शास्त्र म्हणून प्रतिष्ठा नव्हती आणि त्यांच्या स्वतःच्या मनातही ती शंका होती. भौतिकी सोडून आज्ञावलीलेखनात आयुष्य घालविल्यास आपल्याला कोणत्या शास्त्राचे जाणकार म्हणता येईल, हा प्रश्न त्यांनी १९५५ मध्ये संस्थेतील गणनविभागाचे प्रमुख आड्रियान व्हान वाइनगार्डन यांच्यापुढे मांडला. असे शास्त्र अद्याप अस्तित्वात नाही हे मान्य करून, ते घडविणाऱ्यांपैकी आपणच एक का होऊ नये, असे वाइनगार्डन यांनी सुचविले. या संभाषणाने त्यांच्या आयुष्याची दिशा निश्चित झाली. १९५६ मध्ये लायडनची पदवी घेऊन ते पूर्णपणे या विषयाकडे वळले. १९५७ मध्ये मारिया डेबेट्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. विवाहनोंदणीच्या वेळी त्यांनी ‘प्रोग्रॅमर’ हा आपला व्यवसाय सांगितला. परंतु असा व्यवसायच नाही, या कारणाने नगरपालिकेने तो मान्य केला नाही आणि नोंद ‘सैद्धांतिक भौतिकीविज्ञ’ अशी झाली.

माथेमाटिश सेंट्रममध्ये त्या वेळी संगणकांची बांधणीही होत असे. यंत्र तयार होण्यापूर्वीच त्याच्या आज्ञावल्या कागदावर लिहून ठेवाव्या लागत. चालवून पाहणे, चूक सापडताच दुरुस्त करणे व पुन्हा चालवून पाहणे ही सोय डाइक्स्ट्रा यांना नव्हती. त्यामुळे आज्ञावली बरोबर आहे याची खात्री ती लिहितानाच विचाराने करून घेण्याची सवय त्यांना लागली. पुढील काळातील त्यांच्या सर्व कार्याचे सूत्र याच सवयीत सापडते.

१९५६ मध्ये आर्मॅक या संगणकाच्या उद्‌घाटनप्रसंगी सामान्य प्रेक्षकांनाही समजेल असे उदाहरण दाखवावयाचे होते. त्यासाठी नेदर्लंड्समधील ६४ शहरांच्या जाळ्यात कोणत्याही दोन शहरांमधील सर्वांत जवळचा रस्ता शोधण्याचा प्रश्न डाइक्स्ट्रा यांनी निवडला. त्याची उकल त्यांना ॲम्स्टरडॅममधील एका कॅफेत, कागद-पेन्सिलीवाचून, सु. वीस मिनिटांत सुचली. या रीतीचे स्वरूप लहानशा उदाहरणाने स्पष्ट होईल. अ, ब, क व ड अशी चार गावे असून अ–ब हे अंतर ४, अ–क २, क–ब १, ब–ड ५ आणि क–ड ८ एकके आहे, असे मानू. अ पासून निघाल्यास थेट पोहोचता येणाऱ्या गावांपैकी क सर्वांत जवळ आहे. म्हणून क चे अंतर २ हे कायमचे ठरते. कारण अन्य कोणत्याही वाटेने क ला जावयाचे, तर आधी ब पर्यंतचे ४ एकके अंतर तोडावे लागेल. आता क मार्गे ब चे अंतर २ + १ म्हणजे ३ येते. ते थेट अंतराहून कमी असल्यामुळे आधीचे ४ खोडून ३ लिहावयाचे. क मार्गे ड चे अंतर १० येते. उरलेल्या गावांत ब सर्वांत जवळ असल्याने त्याचे अंतर ३ कायम होते. ब मार्गे ड चे अंतर ३ + ५ म्हणजे ८ भरते. ते १० पेक्षा कमी आहे. म्हणून अ–क–ब–ड हा ८ एकके लांबीचा मार्ग सर्वांत लहान ठरतो. प्रत्येक पायरीला एक गाव कायमचे निकालात निघत असल्यामुळे सर्व संभाव्य मार्ग मोजण्याची गरज उरत नाही. कोणतेही अंतर ऋण नसणे, एवढीच अट या रीतीला पुरते. ही रीत १९५९ मध्ये न्यूमेरिशे मॅथेमाटिक या नियतकालिकातील अवघ्या तीन पानांच्या टिपणात प्रसिद्ध झाली. इंटरनेटवरील संदेशांचे मार्ग ठरविणाऱ्या काही प्रमुख पद्धती तिच्यावर आधारलेल्या असून रस्त्यांचे नकाशे दाखविणाऱ्या सेवांतही तिची सुधारित रूपे वापरली जातात.

एक्स१ या पुढील संगणकाने त्यांच्यापुढे निराळीच अडचण उभी केली. वाचनयंत्र वा टंकयंत्र आपले काम संपवून केव्हाही मध्यवर्ती यंत्राला संकेत देई व चालू काम थांबवी. हा संकेत नेमका कोणत्या क्षणी येईल हे सांगता येत नसल्यामुळे तीच आज्ञावली दोनदा चालविली, तरी घटनांचा क्रम तोच राहीलच असे नव्हते. अशा परिस्थितीत चाचणीतून सापडलेला दोष पुन्हा प्रकट करणेही अशक्य होई. या विषयावरील प्रबंधासाठी ॲम्स्टरडॅम विद्यापीठाने १९५९ मध्ये त्यांना डॉक्टरेट दिली. पाठोपाठ याप झोनेव्हेल्ड यांच्या सहकार्याने त्यांनी एक्स१ साठी अल्गोल ६० या भाषेचा कंपायलर, म्हणजे त्या भाषेतील मजकुराचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणारी आज्ञावली, ऑगस्ट १९६० मध्ये पूर्ण केली. अल्गोल ६० च्या आरंभीच्या कंपायलरांत याची गणना होते. एखाद्या उपाज्ञावलीने स्वतःलाच पुन्हा बोलाविले, तर प्रत्येक वेळची अपुरी राहिलेली आकडेमोड ताटांच्या चळतीप्रमाणे एकावर एक ठेवावयाची आणि वरची प्रथम उचलावयाची, ही योजना त्यांनी त्यात कौशल्याने राबविली.

१९६२ मध्ये आइंटहोव्हन येथील तंत्रविद्यापीठात गणिताचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. एकाच संगणकावर अनेक कामे एकाच वेळी चालू असताना ती एकमेकांच्या आड न येतील अशी व्यवस्था कशी करावी, या प्रश्नाचा त्यांनी तेथे मूलगामी विचार केला. समजा, एका खात्यात १,००० रुपये आहेत आणि दोन प्रक्रिया त्यात अनुक्रमे १०० व २०० रुपये जमा करीत आहेत. दोघींनीही आधी १,००० हा आकडा वाचला, स्वतंत्रपणे बेरीज केली आणि मग उत्तर लिहिले, तर शेवटी खात्यात १,३०० ऐवजी १,१०० किंवा १,२०० रुपये दिसतील. हा दोष हजार वेळा चालवूनही कदाचित दिसणार नाही आणि पुढच्याच वेळी प्रकट होईल. यावर उपाय म्हणून डाइक्स्ट्रा यांनी सिमाफोर या साधनाची कल्पना मांडली. लोहमार्गावरील सिग्नलवरून त्यास हे नाव दिले आहे. सिमाफोर म्हणजे दोनच क्रियांनी बदलता येणारी एक संख्या होय. सामाईक जागेत शिरण्यापूर्वी प्रक्रियेने ती एकाने कमी करावयाची. ती शून्य असल्यास थांबावयाचे. बाहेर पडताना ती एकाने वाढवावयाची, म्हणजे थांबलेल्यांपैकी एका प्रक्रियेला वाट मिळते. या क्रियांची पी व व्ही ही नावे त्यांनी डच शब्दांवरून दिली. परस्परांची वाट पाहत सर्वच प्रक्रिया अडून बसण्याच्या कोंडीचेही त्यांनी विश्लेषण केले. त्यासाठी १९६५ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांना घातलेला प्रश्न पुढे ‘भोजनास बसलेले पाच तत्त्वज्ञ’ या रूपात जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेला : पाच जणांमध्ये पाचच काटे आहेत, जेवण्यास प्रत्येकाला डाव्या व उजव्या बाजूचे असे दोन काटे लागतात आणि प्रत्येकाने आधी डावा काटा उचलून धरला, तर सर्वच उपाशी राहतात.

या कल्पनांचा प्रत्यक्ष वापर त्यांनी पाच सहकाऱ्यांसह एक्स८ या संगणकासाठी तयार केलेल्या परिचालन प्रणालीत केला. विद्यापीठाच्या आद्याक्षरांवरून ती टीएचई या नावाने ओळखली जाते. तिची रचना थरांची होती. सर्वांत खालचा थर प्रक्रियांना आलटून पालटून वेळ वाटून देई, त्यावरील थर स्मृतीची व्यवस्था पाही आणि त्याहून वरचे थर चालकाशी संवाद, वाचन-मुद्रण व उपयोजकांच्या आज्ञावल्या सांभाळीत. वरच्या थराने खालच्या थरावर विसंबावयाचे, परंतु त्याच्या अंतर्रचनेची चिंता करावयाची नाही, हे तत्त्व असल्यामुळे प्रत्येक थर स्वतंत्रपणे तपासता आला. या प्रणालीची माहिती देणारा निबंध १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला व परिचालन प्रणालींच्या रचनेवर त्याचा दीर्घकाळ प्रभाव पडला.

त्याच वर्षी मार्चमध्ये ‘गो टू’ या आज्ञेविरुद्धचे त्यांचे पत्र एका अमेरिकन नियतकालिकात छापून आले व ते वादाचा विषय ठरले. त्याचे लक्षवेधक शीर्षक संपादक निक्लाउस व्हिर्ट यांनी दिलेले होते. ही आज्ञा यंत्राला आज्ञावलीतील कोणत्याही ठिकाणी उडी घेण्यास सांगते. डाइक्स्ट्रा यांचा आक्षेप असा, की आज्ञावलीचा मजकूर स्थिर असतो; तिच्यामुळे घडणारी क्रिया मात्र काळात उलगडत जाते. मनुष्याला स्थिर गोष्टींचे संबंध सहज आकलन होतात, बदलत्या गोष्टींचे होत नाहीत. म्हणून मजकूर आणि क्रिया यांतील अंतर जितके कमी, तितके बरे. मुक्त उड्यांमुळे हे अंतर वाढते व क्रिया कोठवर आली आहे, हे मजकुरावरून सांगणे दुरापास्त होते. क्रमाने करणे, अटीनुसार एक पर्याय निवडणे आणि अट संपेपर्यंत पुन्हा करणे या तीन रचनांवर भागवावे, हा या विचाराचा व्यवहारातील अर्थ झाला. हीच संरचित आज्ञावलीलेखनाची बैठक होय. ओले-योहान डाल व टोनी होअर यांच्यासमवेत याच नावाचा ग्रंथ त्यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केला.

ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे भरलेल्या परिषदेत मोठमोठ्या आज्ञावल्या वेळेवर पुऱ्या होत नाहीत आणि झाल्या तरी सदोष असतात, ही गोष्ट प्रथमच उघडपणे चर्चिली गेली. डाइक्स्ट्रा तेथे उपस्थित होते. यंत्रांची शक्ती हजारो पटींनी वाढली. परंतु मानवी बुद्धीची धारणाशक्ती होती तेवढीच राहिली, हे या अरिष्टाचे कारण त्यांनी सांगितले. १९७२ मध्ये ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना केलेल्या व्याख्यानात त्यांनी हाच विचार मांडला : आपली बुद्धी मर्यादित आहे हे ओळखून, आपल्याला पेलेल अशीच रचना करणारा आज्ञावलीकार हाच खरा कुशल होय. चाचणीने दोष असल्याचे दाखविता येते, दोष नसल्याचे मात्र कधीच दाखविता येत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यातील तथ्य आकड्यांवरून ध्यानी येते. प्रत्येकी ३२ द्विमान अंकांच्या दोन संख्यांची बेरीज करणाऱ्या मंडलाची सर्व उदाहरणे तपासावयाची झाल्यास ती २<sup>६४</sup> भरतात. सेकंदाला शंभर कोटी उदाहरणे तपासली, तरी त्यास सु. ५८५ वर्षे लागतील.

मग खात्री कशी करावी ? आज्ञावली आधी लिहून नंतर सिद्धता शोधण्याऐवजी दोन्ही हातात हात घालून वाढवाव्यात, हे त्यांचे उत्तर होते. दोन संख्यांचा महत्तम साधारण विभाजक काढण्याचे उदाहरण घेता येईल. मोठ्या संख्येतून लहान वजा करीत गेल्यास ८४ व ३६ यांवरून क्रमाने ४८ व ३६, १२ व ३६, १२ व २४ आणि शेवटी १२ व १२ या जोड्या मिळतात. प्रत्येक वजाबाकीने संख्या बदलतात. परंतु जोडीचा महत्तम साधारण विभाजक बदलत नाही. आवर्तनात न बदलणारे असे विधान हाताशी असले, की शेवटची जोडी समान होताच उत्तर १२ हे तर्काने निश्चित होते. शिवाय प्रत्येक वेळी एक संख्या घटत असून ती शून्यावर कधीच जात नाही. म्हणून हे आवर्तन कधी तरी थांबणारच. हा युक्तिवाद एका जोडीपुरता नसून सर्व धन पूर्णांकांना एकदमच लागू पडतो. होअर यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या तार्किक पद्धतीला पुढे नेऊन डाइक्स्ट्रा यांनी इच्छित निष्पत्तीपासून मागे येत आज्ञावली रचण्याचे शास्त्र ए डिसिप्लिन ऑफ प्रोग्रॅमिंग (१९७६) या ग्रंथात विशद केले.

१९७४ मध्ये त्यांनी स्वयंस्थिरीकरणाविषयी दोन पानांचे टिपण प्रसिद्ध केले. मध्यवर्ती नियंत्रण नसलेल्या अनेक यंत्रांच्या जाळ्यात कोणत्याही कारणाने कितीही बिघाड झाला, तरी प्रत्येकाने केवळ शेजाऱ्याकडे पाहून वागल्यास सारे जाळे मर्यादित पायऱ्यांत आपोआप योग्य स्थितीला येते, असे त्यात दाखविले आहे. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८३ च्या एका व्याख्यानात त्याचे महत्त्व सांगेपर्यंत ते बहुतांशी दुर्लक्षित राहिले. वितरित गणनातील एक स्वतंत्र शाखाच पुढे त्यातून निर्माण झाली.

१९७३ पासून ते बरोज या अमेरिकन कंपनीचे संशोधक म्हणून न्यूनन येथील आपल्या घरूनच काम करीत. १९८४ मध्ये ते ऑस्टिन येथील टेक्सस विद्यापीठात प्राध्यापक झाले व १९९९ मध्ये निवृत्त झाले. संगणकशास्त्राचे हे प्रवर्तक स्वतः फौंटनपेनने लिहीत आणि उत्तरायुष्यापर्यंत त्यांनी स्वतःच्या लेखनासाठी संगणक वापरला नाही. आपल्या आद्याक्षरांवरून ईडब्ल्यूडी या मालिकेत त्यांनी तेराशेहून अधिक टिपणे क्रमांक घालून लिहिली. ती काही सहकाऱ्यांना पाठविली जात व त्यांच्या प्रती हातोहाती जगभर पसरत.

त्यांच्या मतांवर टीकाही झाली. उड्यांच्या काटेकोर वापराने काही आज्ञावल्या अधिक स्वच्छ होतात, असे डॉनल्ड नूथ यांनी १९७४ मध्ये सोदाहरण दाखविले. आज्ञावल्यांच्या सिद्धता लांबलचक व कंटाळवाण्या असल्याने गणितातील सिद्धतांप्रमाणे त्या कोणी वाचत व पारखत नाही, म्हणून त्यांवर विश्वास बसत नाही, असा आक्षेप रिचर्ड डिमिलो, रिचर्ड लिप्टन व ॲलन पर्लिस यांनी १९७९ मध्ये घेतला. शिवाय काय हवे आहे याचे वर्णनच चुकीचे असेल, तर निर्दोष सिद्धताही उपयोगी पडत नाही. लोकप्रिय भाषांविषयी व उद्योगांच्या रीतींविषयी डाइक्स्ट्रा कठोर शब्दांत लिहीत. त्यामुळे अनेक जण दुखावले. व्यवहारात बहुसंख्य आज्ञावल्या आजही मुख्यतः चाचणीवर विसंबून लिहिल्या जातात. तथापि संरचित लेखन एवढे सर्वमान्य झाले आहे, की ते कधी काळी वादग्रस्त होते हे विद्यार्थ्यांना सांगावे लागते. तसेच विमान, रेल्वे यांसारख्या जेथे चुकीची किंमत प्राणांनी मोजावी लागते अशा क्षेत्रांत सिद्धतेच्या पद्धतींचा अवलंब होऊ लागला असून सिद्धता तपासण्याचे कंटाळवाणे काम आता संगणकावरच सोपविले जाते.

ट्युरिंग पुरस्काराखेरीज नेदर्लंड्सच्या रॉयल ॲकॅडेमीचे सदस्यत्व व ब्रिटिश कॉम्प्यूटर सोसायटीचे सन्माननीय अधिछात्रपद हे बहुमान त्यांना १९७१ मध्ये मिळाले होते. स्वयंस्थिरीकरणाविषयीच्या टिपणाला २००२ मध्ये वितरित गणनातील प्रभावी निबंधाचा पुरस्कार मिळाला आणि पुढील वर्षापासून त्या पुरस्कारालाच त्यांचे नाव देण्यात आले.

न्यूनन येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले.